मुलासाठी होमिओपॅथी सुरू केली, तर दम्याचा पंप बंद करावा का?

अबोली

नमस्कार. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि गेली दोन वर्षे त्याला दम्याचा त्रास आहे. आम्ही नाशिकला राहतो. पावसाळा सरताना आणि थंडी सुरू होताना त्याची छाती हमखास भरते. रात्री दोन-अडीचच्या सुमारास तो उठून बसतो, दोन्ही तळहात गादीवर टेकवतो, खांदे वर ओढून धरतो, आणि श्वास सोडताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू येते. बालरोगतज्ज्ञांनी सकाळ-संध्याकाळ नियमाने घ्यायला बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप आणि धाप लागली तर वापरायला साल्ब्युटामॉलचा निळा पंप दिला आहे. दोन्ही स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि मास्क लावून द्यायचे आहेत.

सासूबाईंच्या आग्रहावरून आम्ही दोन महिन्यांपूर्वी एका होमिओपॅथी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तब्बल दीड तास केस घेतली. मुलाला तहान कशी लागते, तो एकटा झोपायला घाबरतो का, त्रास किती वाजता वाढतो, माझ्या गरोदरपणात घरात काय चालले होते, हे सगळे त्यांनी विचारले. आजवर कोणत्याही डॉक्टरांनी आमचे इतके ऐकून घेतले नव्हते, हे मला प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्यांनी आर्सेनिकम अल्बम दिले आणि जाता जाता म्हणाले, की पंपाने रोग आत दाबला जातो, तेव्हा पंप हळूहळू सोडवा.

पहिले तीन आठवडे फार चांगले गेले, म्हणून मी बुडेसोनाइड बंद केले. गेल्या आठवड्यात मध्यरात्री मुलाला रुग्णालयात न्यावे लागले. तिथे नेब्युलायझर आणि ऑक्सिजन दिल्यावर पहाटे त्याला झोप लागली. आता घरात दोन मते आहेत आणि माझे स्वतःचे मत उरलेले नाही. ज्यांनी मुलांसाठी किंवा स्वतःसाठी दम्यावर होमिओपॅथी घेतली आहे, त्यांनी अनुभव सांगावेत, ही विनंती.

मंदाकाकू

अबोली, आधी मुलाच्या जिवावरचे टळले, हे महत्त्वाचे. आता रोजचा पंप आजच पुन्हा सुरू कर आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवून ये. बाकीची चर्चा सावकाश होईल.

औदुंबर

मी स्वतः होमिओपॅथीचा पदवीधर असून सांगली जिल्ह्यात एकवीस वर्षे व्यवसाय करतो. त्यामुळे माझ्याच क्षेत्रातल्या माणसाच्या सल्ल्याबद्दल लिहिताना मला जड जाते, पण लिहिलेच पाहिजे. चालू असलेला स्टेरॉइडचा पंप पालकांना बंद करायला सांगणे चूक आहे. माझ्याकडे दम्याचे पुष्कळ रुग्ण येतात, आणि पंप कमी करायचा की नाही हे मी त्यांच्या छातीच्या डॉक्टरांवर सोडतो.

मात्र औषधाची निवड कशी होते, हे सांगतो, कारण ती जादूटोण्यासारखी गोष्ट आहे असा समज होऊ नये. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली, तिथून "समानाने समान बरे होते" हा विचार सुरू झाला. त्यांच्या 'ऑर्गेनॉन' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८१० ची आहे. दमा म्हटला की एकच औषध असे आमच्यात नसते. मध्यरात्रीनंतर धाप वाढते, आडवे होववत नाही, जीव घाबरा होतो आणि घोट-घोट पाणी लागते, अशा रुग्णाला आर्सेनिकम अल्बम देतात. दमट हवेत आणि पहाटे चार-पाचला त्रास होत असेल, तर नॅट्रम सल्फचा विचार होतो. छाती कफाने घरघरते पण कफ सुटत नाही, तिथे अँटिमोनियम टार्ट, आणि मळमळीसह खोकला असेल तर इपेकॅक. झुरळापासून केलेले ब्लाटा ओरिएंटॅलिस हे औषध तर आपल्या देशातले, कोलकात्याचे आहे. अबोलीताईंच्या मुलासाठी आर्सेनिकम निवडले, यात मला शास्त्राच्या दृष्टीने गैर काही दिसत नाही. आक्षेप आहे तो पुढच्या वाक्याला.

तिमिरहर

औदुंबर, आपण पंपाबद्दल इतके स्पष्ट लिहिले याबद्दल आभार. पण "शास्त्राच्या दृष्टीने" या शब्दांवर मी थांबलो. उदाहरणार्थ, ३० शतमान पोटेन्सी (औषध पातळ करण्याची पायरी) म्हणजे एकास शंभर असे पातळ करणे तीस वेळा, म्हणजे एकावर साठ शून्ये इतक्या भागांत मूळ द्रव्याचा एक भाग. साधारण बाराव्या पायरीनंतरच मूळ द्रव्याचा एखादा रेणू गोळीत असण्याची शक्यता संपते. मग लहान मुलाच्या सुजलेल्या श्वासनलिकेवर नेमके काय काम करते?

आणि तत्त्व बाजूला ठेवून फक्त परिणाम पाहिला, तरी चित्र फारसे आशादायक नाही. दीर्घकालीन दम्यावरच्या होमिओपॅथीचा कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल, २००४ मध्ये आला. त्यात सहा चाचण्या आणि एकूण ५५६ रुग्ण होते, आणि होमिओपॅथीची दम्यातली भूमिका ठरवण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला.

औदुंबर

त्या चाचण्यांत प्रत्येकाला एकच ठरावीक औषध देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. ब्रिटनमध्ये २००२ साली घरातल्या धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांवर जी चाचणी झाली, तिच्यात त्याच किड्यापासून केलेले औषध सरसकट दिले गेले. आमच्या दृष्टीने ही अभिजात होमिओपॅथीच नव्हे, कारण तिथे माणूस पाहिलाच गेला नाही. याच धर्तीवर १९९४ मध्ये ग्लासगोला २८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तर होमिओपॅथीच्या बाजूने निकाल लागला होता.

तिमिरहर

ग्लासगोची चाचणी अवघ्या २८ जणांची होती, आणि २४२ जणांवर तोच प्रकार करून पाहिल्यावर शेवटी औषध आणि औषध नसलेली नुसती गोळी यांत फरक दिसला नाही. लहान चाचणीतला चांगला निकाल मोठ्या चाचणीत टिकत नाही, असे वैद्यकात वारंवार घडते.

"माणूस पाहिला नाही" हा आपला आक्षेप मात्र मला रास्त वाटतो, आणि म्हणूनच २००३ मध्ये 'थोरॅक्स' या नियतकालिकात आलेली चाचणी महत्त्वाची आहे. तिच्यात ९६ मुले होती, दमा सौम्य ते मध्यम होता, आणि अनुभवी होमिओपॅथांनी प्रत्येक मुलाची स्वतंत्र केस घेऊन औषध निवडले होते. निम्म्या मुलांना ते औषध मिळाले आणि निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अबोलीताई, तुमच्यासाठी यातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. त्या सगळ्या मुलांचे नेहमीचे उपचार चालूच ठेवले होते. होमिओपॅथीची परीक्षा घ्यायला बसलेल्यांनीही मुलांचे पंप काढून घेतले नव्हते.

औदुंबर

ती चाचणी मी वाचली आहे. तिचे उत्तर माझ्याकडे नाही, आणि नसलेले उत्तर मी देणार नाही. मी एवढेच म्हणेन, की माझ्या खोलीत येणाऱ्या माणसाला बरे वाटते, हे मी रोज पाहतो.

सह्याद्रीपुत्र

माझा अनुभव अगदी उलट आहे आणि तो कोणी खोडून काढू नये. मला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बाळदमा होता. सर्दी झाली की छाती भरलीच. चौथ्या वर्षी आईने साताऱ्याच्या एका होमिओपॅथी डॉक्टरांच्या गोळ्या सुरू केल्या, त्या सात वर्षांचा होईपर्यंत चालल्या. कच्चा कांदा, कॉफी, हिंग सगळे बंद होते. त्यानंतर आजतागायत, म्हणजे चौतीस वर्षांत, मला एकदाही धाप लागलेली नाही आणि मी गड चढतो. माझ्या आईला कोणत्या चाचणीची आकडेवारी सांगावी?

दीपस्तंभ

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. सह्याद्रीपुत्र, तुमचा अनुभव मी खोडून काढत नाही. तो घडला, तुम्ही बरे झालात, आणि आईने तीन वर्षे पथ्य सांभाळले, हे कष्ट खरे आहेत. पण या वयातल्या घरघरीचा स्वभाव तुम्हाला माहीत असावा असे वाटते.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात शेकडो मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या आत ज्यांची छाती कधी ना कधी घरघरली होती, अशांपैकी सुमारे साठ टक्के मुलांना सहाव्या वर्षी काहीच त्रास उरला नव्हता. लहान बाळाच्या श्वासनलिका मुळात अरुंद असतात. साध्या विषाणूच्या सर्दीनेही त्या शिट्टी वाजवतात, आणि वयाबरोबर रुंद झाल्या की शिट्टी थांबते. चौथ्या वर्षी सुरू केलेले कोणतेही औषध सातव्या वर्षी यशस्वी ठरण्याची शक्यता म्हणूनच इतकी मोठी असते. त्या तीन वर्षांत तुमच्या आईने ज्येष्ठमध उगाळून दिले असते, तर आज आपण ज्येष्ठमधाबद्दल बोलत असतो.

सगळीच मुले यातून सुटत नाहीत. घरात कोणाला दमा आहे, मुलाला इसब आहे, सर्दी नसतानाही धाप लागते, अशा मुलांचा त्रास टिकून राहतो. अबोलीताई, तुमच्या मुलाच्या अंगावर लहानपणी इसब होते का?

अबोली

हो. वर्षाचा असताना कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत होते. मलम लावून गेले. होमिओपॅथी डॉक्टर म्हणाले, की मलमाने ते आत दाबले आणि त्याचाच दमा झाला.

दीपस्तंभ

ही समजूत फार खोल रुजलेली आहे, आणि ती कुठून आली हेही समजण्यासारखे आहे. इसब आधी, मग शिंका आणि वाहते नाक, मग दमा, हा क्रम ॲलर्जीच्या प्रकृतीच्या मुलांत खरोखरच दिसतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या वैद्यांनी तो अचूक टिपला. पण इसबामुळे किंवा मलमामुळे दमा होत नाही. ही एकाच प्रकृतीची वेगवेगळ्या वयांत दिसणारी रूपे आहेत. तुम्ही मलम लावले नसते, तर बाळ रात्र-रात्र खाजवत बसले असते आणि दमा तरीही व्हायचा तो झालाच असता. हा दोष कृपा करून स्वतःकडे घेऊ नका.

आता "पंप रोग दाबतो" याविषयी. दम्यात श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला सूज असते. निळा पंप नलिकेभोवतीचे आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो, पण सुजेवर त्याचा उपयोग नाही. बुडेसोनाइड ती सूज उतरवते, आणि त्याला दिवस-आठवडे लागतात. बंद केल्यावर सूज परत चढायलाही तितकाच वेळ लागतो. म्हणूनच पंप सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे बरे जातात आणि श्रेय त्या काळात जे काही नवीन सुरू केले असेल त्याला मिळते. तुमचे पहिले तीन आठवडे तर पंप चालू असतानाचेच होते, आणि तो बंद केल्यानंतरचे आठवडे असे गेले असावेत.

पारिजात

स्टेरॉइड या शब्दाचीच भीती वाटते, त्याचे काय? माझ्या मुलीचा पंप मी याच भीतीने सहा महिने कपाटात ठेवला होता.

दीपस्तंभ

भीती रास्त आहे, म्हणून मोजून सांगतो. पंपाच्या एका दाबात साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड असते. झटका आल्यावर आम्ही मुलाला तोंडाने जे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतो, ते दिवसाला २० मिलिग्रॅमच्या घरात असते, म्हणजे नुसत्या वजनाने एका दाबाच्या शंभर ते दोनशे पट, आणि ते सगळ्या शरीरात फिरते. वर्षातून चार वेळा झटके येऊन चार वेळा ते घ्यावे लागणे हे रोजच्या पंपापेक्षा अधिक नुकसानीचे आहे. पंपाचा काहीच दुष्परिणाम नाही, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेत बुडेसोनाइडवर वर्षानुवर्षे असलेल्या मुलांना मोठे होईपर्यंत तपासले, तेव्हा त्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. तोंडात बुरशीही होऊ शकते, म्हणून पंपानंतर चूळ भरायला लावायची. १.२ सेंटिमीटर एका बाजूला आणि मध्यरात्रीचा ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला ठेवून आईवडिलांनी विचार करावा.

कृष्णाकाठ

स्टेरॉइडचा विषय निघाला म्हणून माझ्या वडिलांचे सांगतो. त्यांना पन्नाशीनंतर दमा झाला. पंपाची सवय लागेल म्हणून त्यांनी तो घेतला नाही आणि एका गावातल्या माणसाकडून महिन्याच्या पुड्या आणू लागले. कागदात बांधलेली पांढरी भुकटी असे. दोन दिवसांत धाप थांबली, भूक वाढली, चेहरा गोल झाला, आणि आम्ही सगळे म्हणालो की अण्णांना औषध मानवले. दीड वर्षाने साखर वाढली आणि पाठीचा मणका दबला, तेव्हा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत पुड्यांबद्दल विचारले. त्या भुकटीत स्टेरॉइडच असणार, असे त्यांचे मत पडले. जे स्टेरॉइड वडिलांनी मायक्रोग्रॅममध्ये नाकारले, ते त्यांनी मिलिग्रॅममध्ये, नाव नसलेल्या कागदातून, अठरा महिने खाल्ले.

पाकिटावर नाव, घटक आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसलेले दम्याचे कोणतेही औषध, मग ते कोणत्याही पॅथीच्या नावाने मिळो, घरात आणू नका.

औदुंबर

कृष्णाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. खरी होमिओपॅथीची गोळी दोन दिवसांत भूक वाढवून चेहरा गोल करत नाही. असे झाले तर ती होमिओपॅथी नव्हे, हे रुग्णांनी पक्के लक्षात ठेवावे.

मंदाकाकू

आमच्याकडे कोजागिरीला मंदिरात खिरीतून दम्याचे औषध मिळायचे. रात्रभर चांदण्यात ठेवलेली खीर पहाटे उपाशीपोटी खायची आणि मग चालायला जायचे. हैदराबादला मृग नक्षत्र लागताना जिवंत माशाच्या तोंडातून औषध देतात, तिथेही मराठवाड्यातून लोक जातात. मी स्वतः तीन वर्षे कोजागिरीची खीर खाल्ली. श्रद्धेने खाल्ली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण त्या तीन वर्षांतही उशीखाली पंप होता.

पारिजात

मंदाकाकू, थंडीच्या तोंडावर, रात्रभर उघड्यावर जागून दमेकऱ्यांनी दूध प्यावे, याचे मला लहानपणी नवल वाटे. पण मूळ प्रश्नाकडे येऊ. अबोलीताईंनी आता त्या होमिओपॅथी डॉक्टरांकडे जाणेच थांबवावे का?

दूरदेशी

मी ब्रिटनमध्ये लेस्टरला राहते. इथे पूर्वी सरकारी आरोग्यसेवेतून होमिओपॅथी मिळत असे. २०१७ मध्ये एनएचएस इंग्लंडने डॉक्टरांना ती लिहून देऊ नये असे सांगितले. ज्यांना हवी ते स्वतःच्या पैशाने घेतात. माझ्या मुलाच्या दम्याच्या परिचारिकेला मी गोळ्यांबद्दल सांगितले, तेव्हा ती रागावली नाही. ती म्हणाली की देत असाल तर मला सांगून द्या, फक्त पंपाचा एकही दाब चुकवू नका. मग तिने एका कागदावर तीन रंगांत लिहून दिले, की बरा असताना काय द्यायचे, खोकला सुरू झाल्यावर काय वाढवायचे आणि कोणत्या क्षणी रुग्णवाहिका बोलवायची. तो कागद आमच्या फ्रिजवर आहे. असा कागद भारतातल्या डॉक्टरांकडूनही मागून घ्यावा.

दीपस्तंभ

जरूर मागा. त्या कागदावरच्या तांबड्या भागात काय असते, ते इथे लिहून ठेवतो, कारण हा धागा कोणीतरी मध्यरात्री उघडेल. मूल एक वाक्य सलग बोलू शकत नाही, बरगड्यांमधली कातडी किंवा गळ्याचा खळगा श्वासागणिक आत ओढला जातो, ओठ निळसर दिसतात, मूल सुस्त होते, किंवा निळा पंप देऊनही आराम पडत नाही, तर स्पेसरमधून तो देत-देतच रुग्णालय गाठायचे. आधी शिट्टी जोरात वाजत होती आणि मूल थकलेले असताना ती अचानक ऐकू येईनाशी झाली, तर ते बरे वाटण्याचे लक्षण समजू नये. हवाच आतबाहेर होत नसल्यामुळे आवाज थांबलेला असू शकतो. त्या वेळी गोळी, वाफ, ओवा, कोणतेही घरगुती काही करत बसू नये.

अबोली

दोन महिन्यांनी परत लिहिते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

बुडेसोनाइड त्याच दिवशी पुन्हा सुरू केले. बालरोगतज्ज्ञांनी श्वासाचा जोर मोजायची नळी, पीक फ्लो मीटर, घ्यायला लावले. रोज सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचे आणि मोठा आकडा वहीत लिहायचा. त्याचा चांगल्या दिवसाचा आकडा १५० आहे. एका रविवारी सकाळी तो १०० वर आला. मुलगा तोवर हसत-खेळत होता, पण वहीने आम्हाला आधी सांगितले, आणि त्या रात्री धावपळ झाली नाही.

होमिओपॅथी डॉक्टरांकडे मी एकदा परत गेले, एकटीच. पंप चालू ठेवणार असल्याचे सांगितले. ते नाराज झाले, पण नंतर त्यांनी त्यांच्या जुन्या टिपणांची वही काढली आणि मुलाच्या त्रासाचे वार मला वाचून दाखवले, जे मीच त्यांना सांगितले होते. त्यातले बहुतेक शनिवार होते. शनिवारी मुलगा आजीकडे झोपायला जातो. आजीकडे माळ्यावरून काढलेली, तिच्या लग्नातली कापसाची गादी आहे. ती उचलून उन्हात झटकली, तेव्हा कवडशात धूळ इतकी दिसली की मलाच खोकला आला. गादी बदलली, आणि त्यानंतरचे पाच शनिवार वहीत १४० च्या खाली गेलेले नाहीत. गोळ्या आता बंद आहेत. त्या डॉक्टरांनी विचारले नसते, तर शनिवार माझ्या लक्षात आला नसता, हेही मी सासूबाईंना सांगितले.

एक शंका उरली आहे. आमच्या निळ्या पंपावर आकडा दिसत नाही. तो संपला हे कसे कळते? हलवला तर अजून काहीतरी आत असल्यासारखे वाटते.

औदुंबर

अबोलीताई, हलवून कळत नाही. आतले औषध संपल्यावरही फवारा उडत राहतो आणि पंप भरलेला वाटतो. डब्यावर २०० दाब असे लिहिलेले असेल, तर नवा पंप उघडल्याची तारीख त्याच्यावर चिकटपट्टी लावून लिहा आणि दिलेल्या दाबांची नोंद त्याच पीक फ्लोच्या वहीत ठेवा. शाळेच्या दप्तरातल्या पंपाचीही वेगळी नोंद ठेवा, कारण तो नेमका कोणी मोजत नाही.

अबोली

शाळेतला पंप आत्ताच काढून पाहिला. त्यावरची मुदत मार्चमध्येच संपलेली आहे. आजच नवा आणते.